रुंद टायर आणि कर्जतचा पाऊस

बाहेर धो धो पाऊस पडतोय, पत्र्याचा आवाज मध्येमध्ये येईल, सांभाळून घ्या. आजचा विषयही पावसाचाच आहे. कंपनीने दिलेल्या मापापेक्षा वेगळ्या मापाचे टायर गाडीला बसवावेत का?

मी बसवले होते. आमच्या गाडीचं मूळ माप १८५/६५ आर १५. मार्चमध्ये मी २०५/६५ आर १५ टाकले. कारण काय, तर गाडी भारदस्त दिसते! दुकानदार म्हणाला, "बिनधास्त टाका, रस्ता धरून चालेल." बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "टायर दाखवायला घेतलेस की चालवायला?" मी हसण्यावारी नेलं.

जुलैमध्ये बाबांना घेऊन कर्जतहून चौककडे निघालो. एका सखल ठिकाणी पाणी साचलेलं. काटा ७०वर. पाण्यात शिरलो आणि स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं. गाडी ऐकेचना. दोनच सेकंद असतील, पण बाबांनी डॅशबोर्डवर टेकवलेला हात मला अजून दिसतो. समोरून कोणी येत नव्हतं, म्हणून आज हे सांगतोय.

घरी येऊन गणित मांडलं. खरं तर इंजिनिअरने ते आधी करायचं असतं! १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. यावरून जुन्या टायरचा पूर्ण व्यास येतो ६२१.५ मिमी, नव्याचा ६४७.५. म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त फरक. काटा जुन्या मापावर चालतो, त्यामुळे तो ७० दाखवत असताना गाडी त्याहून तीनेक किलोमीटरने जास्त पळत होती.

पण मोठी चूक रुंदीची. टायर रुंद झाला की त्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही, तर टायर पाण्यावर तरंगतो. यालाच हायड्रोप्लेनिंग म्हणतात. अर्थात सगळा दोष टायरवर ढकलत नाही. त्या पाण्यात तो वेग माझाच होता.

माझा मावसभाऊ जर्मनीत असतो. तिकडे रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर कायद्यानेच लागतात. त्यांचं रबर ७ अंशांखालीही मऊ राहतं. आपल्या एप्रिलच्या उन्हात मात्र ते लवकर झिजतील, तेव्हा ते इकडे आणायच्या भानगडीत पडू नका. पण त्याची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. गाडीच्या कागदपत्रांत मंजूर असलेल्या मापांपैकी तो हिवाळ्यासाठी सगळ्यात अरुंद माप घेतो. अरुंद टायर बर्फाचा चिखल कापून खाली रस्त्याला भिडतो. आमच्याकडे बर्फ नाही, पण चार महिने पाणी आहे, आणि तिथेही अरुंद टायरच बरा.

मग करायचं काय? ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर माप आणि हवेचा दाब लिहिलेला असतो, तो वाचा. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी दुसरं माप देत असेल, तर त्याचा विचार करा, पण रिमसकट. व्यासातला फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवा. मापापुढचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नको. उदाहरणार्थ, ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिमी लागते, पण घाटात उतरायचं असेल तर ३ मिमीलाच टायर बदला. हवा कमी ठेवू नका, कमी हवेचा टायर लवकर तरंगतो.

मी मूळ मापावर परत आलो. पैसे गेले, दुःख झालं. बाबांनी पुन्हा एक फेरी मारली, काही बोलले नाहीत, पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला.

पावसात सावकाश चालवा, मंडळी. भेटू पुढच्या भागात.