हुकूम आपल्या कोर्टाचा, नवरा सुरतेत
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



मला बोलायची सवय नाही. हप्त्याचा हिशेब सांगायचा असेल तर सांगते. पण मागच्या सभेत एक बहीण म्हणाली, "पोटगीचा हुकूम झालाय, पण नवरा परराज्यात गेला, आता काय उपयोग?" म्हणून आज उभी राहिले. मीही तेच म्हणत बसले होते.

तालुक्याच्या कोर्टाने मला ३००० आणि मुलीला १५०० अशी महिन्याला पोटगी लावली. चार महिने पैसे आले. मग गडी सुरतेला गेला, कापडाच्या कारखान्यात लागला आणि पैसे बंद. गावातले एक शहाणे म्हणाले, "गुजरातेत आपल्या कोर्टाला कोण विचारतो?" मी हुकूम ट्रंकेत ठेवून दिला.

कायदा वेगळंच सांगतो. पोटगी न देणारा माणूस देशात जिथे असेल, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे हुकुमाच्या वसुलीचा अर्ज देता येतो. जुन्या कायद्यात हे कलम १२८ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते १४७ आहे. हुकुमाची नक्कल आपल्याला फुकट मिळते. तिथले साहेब दोनच गोष्टी बघतात: माणसं हीच का, आणि पैसे थकलेत का.

तरी सुरतेच्या कोर्टात आमचे हे म्हणाले, "पोटगी जास्त आहे, मला परवडत नाही." साहेबांनी सांगितलं, कमी करून हवी तर जिथे हुकूम झाला तिथे जा. मी लग्नाचा फोटो, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक सगळं नेलं होतं. पासबुकावर दिसतंच ना, शेवटचे पैसे कधी आले. हुकूम मराठीत, तिथलं काम गुजरातीत, म्हणून भाषांतर करून घ्यावं लागलं. त्यात एक तारीख वाया गेली.

आता माझी चूक ऐका. अर्ज केला तेव्हा तीस महिने थकले होते. पण पैसे देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच त्या रकमेसाठी वॉरंट निघतं. म्हणजे बारा महिन्यांचे ५४ हजार धरले गेले. अठरा महिन्यांचे ८१ हजार या वाटेने हातचे गेले. एक म्हैस आली असती हो!

वॉरंट निघालं की आधी मालमत्तेतून वसुली बघतात. तरी पैसे राहिले तर थकलेल्या एकेका महिन्यासाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणं फिटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलंय. आमच्याकडे कैदेपर्यंत गेलं नाही. त्यांनी कोर्टातच २० हजार भरले, बाकीचे हप्त्याने. दोन हप्ते अजून यायचेत.

वकिलाची फी? बाईला उत्पन्नाची अट न लावता सरकारी वकील मोफत मिळतो. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा, नाहीतर १५१०० ला फोन लावायचा. सुरतेतला वकील मला तिथल्या विधी सेवेनेच दिला.

एकीने विचारलंय, नवऱ्याने परदेशातून घटस्फोटाचा कागद पाठवला तर? घाबरून सही करू नका आणि कागद फेकूनही देऊ नका. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कोर्टाचा असाच एक घटस्फोट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मानला नाही. लग्न इथलं, हिंदू कायद्याने झालेलं, आणि बायकोने तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य केलेला नव्हता. पण आपण तिथे हजर होऊन सगळं कबूल केलं तर गोष्ट बदलते. म्हणून कागद आला की आधी वकिलाला दाखवा.

येत्या मंगळवारी मी तालुक्याला जाणार आहे. ज्यांचा हुकूम ट्रंकेत पडलाय त्यांनी नक्कल आणि पासबुक घेऊन दहाच्या एसटीला या. शेवटचे पैसे कोणत्या महिन्यात आले, ते आज घरी गेल्यावरच बघा.