मुलांचे खेळ, घरची श्रद्धा आणि रविवारची सुट्टी



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलतात. आम्ही साखर कामगारांत व ऊसतोडणी मजुरांत संघटनेचे काम करणारे. आमचे शिक्षण झाले ते पगाराच्या तक्त्यावर आणि कारखान्याच्या फाटकावरील सभांत. अशा माणसाने कॅथॉलिक घरांतील मुलांचे खेळ हा विषय का घ्यावा? कारण या खेळांत आम्हांला मजुराच्या वेळेचा प्रश्न दिसला.

आपल्या नगर जिल्ह्यात (आता तो अहिल्यानगर झाला) कॅथॉलिक वस्ती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेसुइट पाद्री येथल्या खेड्यांत आले. हरेगावची मतमाऊलीची यात्रा तर साऱ्यांना ठाऊक आहे. दर सप्टेंबरात तेथे सर्व धर्मांची माणसे जमतात. त्याच हरेगावात एके काळी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालत असे. ऊस, मजूर आणि माऊली यांची गाठ अशी जुनी आहे.

आता घरचा धर्म मुलाच्या मनात उतरतो कसा? प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. पण फादर स्टीफन्स हे अधिक जाणते होते. या इंग्रज जेसुइटाने ख्रिस्तपुराण रचले ते मराठीत आणि ओवीत. १६१६ साली ते गोव्यात राचोल येथे छापले गेले. लोकांच्या कानांत जे माप आधीच बसले होते, त्याच मापाने त्यांनी आपली कथा मोजून दिली. ओवी जशी कानासाठी, तसा खेळ हातासाठी आहे.

नाताळचा गोठा घ्या. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण मांडली आणि तेथे जिवंत बैल व गाढव उभे केले. पोथी न वाचणाऱ्या माणसालाही बाळ येशूचे दारिद्र्य डोळ्यांनी दिसावे, हा त्यांचा हेतू. आपल्याकडे त्यासाठी बाजारात जावे लागत नाही. पोळ्याला मूल मातीचे बैल करतेच. त्यांतला एक जपून ठेवला की डिसेंबरात तोच गव्हाणीशी उभा राहतो. उसाच्या पाचटाचे छप्पर होते. कामट्या बांधून, पतंगी कागद कणकेच्या खळीने चिकटवून चांदणी होते. तोडणीवरच्या कोपीतील मुलाला तर नमुना शोधायलाच नको. तो राहतो तीही कोपीच. देव आपल्यासारख्याच घरात जन्मला, हे त्याला शब्दांनी सांगावे लागत नाही.

जपमाळेचे तसेच. पोत्याच्या सुतळीला दहा-दहा गाठींचे पाच भाग पाडले, मध्ये मोठी गाठ मारली, की माळ तयार. मूल गाठी मारता मारता मोजायला शिकते आणि आईबरोबर म्हणायलाही. विकतची माळ हरवली तर मूल मार खाते. स्वतः केलेली हरवली तर दुसरी करते.

खेळांतही आपण दरिद्री नाही. सापशिडीचे मूळ आपल्या मोक्षपटात आहे. गुणांची शिडी आणि दोषांचा साप ही कल्पना येथली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर घरे आखावी आणि शिड्या कोणत्या, साप कोणते, हे मुलांनाच ठरवू द्यावे.

आमच्या आवडीचा खेळ मात्र द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्याचा. अंगणातील खडे वेचायचे काम. एका मुलाला आरंभापासून लावावे, दुसऱ्याला मध्यावर, तिसऱ्याला अगदी शेवटी. आणि प्रत्येकाला पाच-पाच चिंचोके द्यावे. लगेच भांडण जुंपते. पहिला म्हणतो, हा अन्याय आहे. आम्ही युनियनवाले, आमचे मन त्याच्याकडेच धावते. पण शेवटचा म्हणतो, मी काही झोपलो नव्हतो, मला कोणी बोलावलेच नाही. बेकाराची सगळी कैफियत या एका वाक्यात आली. संध्याकाळी त्याच्याही घरी भाकरी लागते, हे कोणा मुलाला सुचते, कोणाला नाही. तेथे मोठ्यांनी गप्प बसावे. मुलांना वाद घालू द्यावा. भांडून मिळालेले उत्तर पाठ करावे लागत नाही.

हे सारे फुकट आहे, असे कोणी म्हणेल. पाचट फुकट, माती फुकट, चिंचोके फुकट. पण शेजारी बसणारी आई फुकट नाही, बंधूंनो! तिचा वेळ कोणी तरी विकत घेतलेला आहे.

ऊसतोडणीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत कोयता थांबायचा नाही. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. म्हणजे नाताळ ऐन हंगामात येतो, आणि उपवासकाळ बहुधा त्याच्या अखेरीस. ज्या दिवसांत मुलाला आईबाप हवेत, त्याच दिवसांत ते अंधारात फडात जातात आणि अंधारातच परततात. जितके टन तोडले तितकी मजुरी. सुट्टी घेतली की तेवढी भाकरी कमी.

रविवारची सुट्टी आपल्या मजुराला कोणी सहज दिलेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेऊन ती मागितली आणि १८९० साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. खंडोबाचा वार, म्हणून लोखंड्यांना रविवार हवा होता. चर्चला जाणाऱ्यालाही तोच वार हवा. एका मागणीत दोन देवळांची सोय झाली, असे आमच्या पाहण्यात दुसरे उदाहरण नाही. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. साखर कारखान्याच्या आतल्या कामगाराला तिचा आधार मिळाला. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा कोयता मात्र फाटकाबाहेरच राहिला.

म्हणून आमचे म्हणणे असे. मुलांना धर्म द्यावा की नाही, कोणता द्यावा, हे आईबापांनी ठरवावे. तो हक्क घराचा आहे आणि दुसऱ्याच्या मुलाला आमिष दाखवणे हा खेळ नव्हे. पण ज्याला द्यायचा आहे, त्याला तो देण्याइतका वेळ मिळालाच पाहिजे. आपल्या घरी दिवाळीचा किल्ला होतो तो बापाला सुट्टी असते म्हणून. कोपीतल्या बापालाही मुलाशेजारी बसून माती मळता आली पाहिजे, मग तो किल्ला करो की गव्हाण.

या सभेत उसाचे बागायतदार आहेत, कारखान्यांचे सभासद आहेत. येत्या हंगामात आपल्या कारखान्याच्या सभेत एवढेच विचारा की तोडणी मजुराला आठवड्याची एक भरपगारी सुट्टी केव्हा देणार. प्रश्न लहान आहे. पण तो सभासदाने विचारला तर त्याला उत्तर द्यावे लागते.