हिरा का फुटतो, तांबे का वाकते?
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर हिऱ्याचे गुणगान शोभले असते. मी मात्र धातूंविषयी बोलणार आहे. त्याला निमित्त एका प्रश्नाचे आहे. महाराष्ट्राबाहेर राहणारे पालक नेहमी विचारतात, मराठीतून विज्ञान शिकून मुलांचे पुढे कसे होणार? युक्तिवाद करण्यापेक्षा विज्ञानातलाच एक विषय आपल्यापुढे मांडावा आणि निर्णय आपणच करावा, असे मला वाटले.

हिरा अत्यंत कठीण, तरीही हातोड्याच्या घावाने तो फुटतो. तांबे त्याहून कितीतरी मऊ. पण पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर त्यावर असंख्य घाव घालतो आणि त्यातून घंगाळ आकाराला येते. कठीण ते फुटावे आणि मऊ ते टिकावे, हे कसे?

हिऱ्यातला प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांनी बांधलेला असतो आणि या बंधांच्या दिशा ठरलेल्या असतात. दिशा मोडली की बंध तुटतो. खडेमिठात धन आणि ऋण आयन आलटूनपालटून बसलेले असतात. घावाने थर सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात, एकमेकांना दूर लोटतात आणि खडा दुभंगतो.

धातूची तऱ्हा निराळी आहे. तांब्याच्या अणूचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन त्याच्यापाशी अडकून राहत नाही. असे अगणित इलेक्ट्रॉन संपूर्ण तुकड्यात संचार करतात. ते कोणा एका अणूच्या मालकीचे नसतात. मागे उरलेले धन आयन शिस्तीने रचलेले असतात आणि इलेक्ट्रॉनांचा हा समुदाय त्यांना एकत्र धरून ठेवतो. यालाच धातुबंध म्हणतात. त्याला ठरावीक दिशा नसल्यामुळे थर सरकले तरी बंध कायम राहतो. म्हणून धातूचा पत्रा होतो, ती वर्धनीयता. आणि तार निघते, ती तन्यता.

हे थर एकदम सरकत नाहीत. रचनेतल्या सूक्ष्म दोषरेषांच्या आधाराने ते थोडेथोडे सरकतात. घाव पडत जातात तशा या रेषा वाढतात, एकमेकींत गुंततात आणि धातू कडक होतो. तांबटांच्या मठारकामाने भांड्याला बळकटी येते ती यामुळे. धातू फारच कडक झाला तर तो तापवतात. रचना पुन्हा जुळते आणि मऊपणा परत येतो. दागिन्यांसाठी 22 कॅरेटचे, म्हणजे सुमारे 91.6 टक्के शुद्ध सोने वापरतात, त्याचेही कारण हेच. मिसळलेल्या धातूचे वेगळ्या आकाराचे अणू थरांच्या सरकण्यात अडथळा आणतात आणि पाटली सहजी वाकत नाही.

हेच मुक्त इलेक्ट्रॉन वीज वाहून नेतात आणि उष्णताही. हिवाळ्याच्या सकाळी तांब्याचे भांडे लाकडी पाटापेक्षा गार लागते. दोघांचे तापमान सारखेच असते. तांबे आपल्या हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेते, इतकेच. विजेचा चांगला वाहक उष्णतेचाही चांगला वाहक असतो, हे प्रमाण वीडेमान आणि फ्रांत्स यांनी 1853 मध्येच नोंदवले होते. इलेक्ट्रॉनचा शोध 1897 चा. त्यानंतर तीनच वर्षांनी पॉल ड्रूड यांनी धातूतले इलेक्ट्रॉन वायूच्या कणांसारखे मोकळे मानून त्या नियमाचे स्पष्टीकरण दिले. परंतु तसे असेल तर धातू तापवायला प्रत्यक्षात लागते त्याहून बरीच जास्त उष्णता लागायला हवी होती. ही अडचण झोमरफेल्ड यांनी 1927-28 च्या सुमारास पुंज सिद्धांताच्या आधारे सोडवली: तापवल्यावर फारच थोडे इलेक्ट्रॉन ती उष्णता स्वीकारू शकतात.

अजूनही सगळे सोपे झालेले नाही. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो आणि तो धातू 98 अंश सेल्सिअसला वितळतो. मॅग्नेशियमचा अणू दोन देतो, तो 650 अंशांना. हिशोब जुळला असे वाटते, तोच तीन देणारे ॲल्युमिनियम 660 अंशांनाच वितळते! केवळ इलेक्ट्रॉन मोजून भागत नाही. अणूंचा आकार आणि रचनाही पाहावी लागते.

पालकहो, या विवेचनात इलेक्ट्रॉन आणि आयन हे शब्द आपण जसेच्या तसे घेतले, वर्धनीयता आणि तन्यता आपल्या भाषेत घडवले आणि मठारकाम तर कारागिरांकडून आयतेच मिळाले. मीठ का फुटते आणि तांबे का वाकते, हे ज्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, त्याला उद्या इंग्रजी संज्ञा शिकायला फार दिवस लागणार नाहीत. नुसत्या संज्ञा पाठ करणाऱ्याला कारण उमगेलच, याची मात्र खात्री देता येत नाही.

माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आपल्यापैकी कोणी अभियंते झाले, कोणी डॉक्टर, कोणी कारखानदार. वर्षातून एक तास या शाळेला द्या आणि आपल्या कामातली एक गोष्ट नववी-दहावीच्या मुलांना मराठीतून समजावून सांगा. पालकांच्या प्रश्नाला त्याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.