परदेशातील पुरावा आणि गावातील नोंद



सीमा म्हणजे काय, हे नंदुरबार जिल्ह्यातील लोकांना समजावून सांगण्याचे कारण नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांना लागून आहे. नवापूरचे रेल्वे स्थानक तर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत मोडते. नवापुरात गुन्हा करून आरोपी सुरतेला गेला, तरी येथील न्यायालयाचे अटक वॉरंट तेथील यंत्रणेच्या साहाय्याने बजावता येते. कारण राज्ये दोन असली तरी फौजदारी प्रक्रियेचा कायदा एकच आहे. परंतु आरोपी, त्याचे बँक खाते किंवा महत्त्वाचा साक्षीदार परदेशात असेल, तर या वॉरंटाचे बळ देशाच्या सीमेवर संपते. प्रत्येक सार्वभौम राष्ट्राच्या भूमीवर त्याच राष्ट्राचा कायदा चालतो. म्हणून तेथे रीतसर विनंती करावी लागते. या विनंतीच्या व्यवस्थेस परस्पर विधी साहाय्य असे म्हणतात.

या प्रश्नाशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. १३ मार्च १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात आणणारी मोरिया बोट फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात थांबली असता ८ जुलै रोजी त्यांनी समुद्रात उडी घेतली व ते किनाऱ्यावर पोहोचले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून कोणत्याही न्यायालयीन प्रक्रियेविना ब्रिटिशांच्या हाती दिले. पुढे फ्रान्सने त्यांची मागणी केली आणि वाद हेग येथील लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निर्णयात या सोपवणुकीत अनियमितता झाल्याचे मान्य करण्यात आले; तथापि सावरकरांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे ठरले. एका शिपायाच्या घाईची कृती दोन राष्ट्रांमधील तंटा होऊ शकते, आणि माणूस एकदा हातचा गेला की नंतरच्या निर्णयाने त्याला न्याय मिळतोच असे नाही, हा या प्रकरणाचा धडा होय.

आज आपल्याकडे यासाठी निश्चित मार्ग आखून दिलेले आहेत. फरारी व्यक्तीला परत आणण्याच्या कामी १९६२ चा प्रत्यार्पण कायदा लागू होतो व ते काम परराष्ट्र मंत्रालय पाहते. पुरावा मिळविण्याच्या कामी केंद्रीय गृह मंत्रालय हे मध्यवर्ती प्राधिकरण आहे. सुमारे चाळीस देशांशी भारताचे फौजदारी बाबींतील साहाय्याचे करार आहेत. जेथे करार नाही तेथेही परस्परतेच्या तत्त्वावर विनंती करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ अन्वये आपले न्यायालय परदेशी न्यायालयास किंवा प्राधिकाऱ्यास विनंतीपत्र पाठवू शकते. त्यासाठी न्यायालयाकडे जाण्यापूर्वी तपास यंत्रणेला गृह मंत्रालयाची संमती घ्यावी लागते. याउलट परदेशातून आलेल्या विनंतीवर कलम ११३ अन्वये आपले दंडाधिकारी व पोलीस कार्यवाही करतात. इंटरपोलमार्फत मिळणारी माहिती तपासाला दिशा देते. परंतु न्यायालयात टिकणारा पुरावा हवा असेल, तर सामान्यतः रीतसर विनंतीचाच मार्ग धरावा लागतो.

विनंती स्वीकारणारे राष्ट्र काही गोष्टी काटेकोरपणे पाहते. ज्या कृत्याचा तपास चालू आहे ते आपल्याही कायद्याने गुन्हा ठरते काय, हे अनेक देश तपासतात. मिळालेला पुरावा ज्या कामासाठी मागितला त्याच कामासाठी वापरला जावा, ही अपेक्षाही असते. दिलेले आश्वासन तर पाळावेच लागते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील आरोपी अबू सालेम याला पोर्तुगालने नोव्हेंबर २००५ मध्ये भारताच्या स्वाधीन केले, ते त्याला फाशी किंवा पंचवीस वर्षांहून अधिक कारावास होणार नाही, या आश्वासनावर. हे आश्वासन शासनाने पाळले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले. एका खटल्यात शब्द मोडला, तर पुढच्या दहा खटल्यांत दार बंद होण्याचा धोका असतो.

विज्ञानाने काही अंतर कमी केले आहे. महाराष्ट्रातील एका खटल्यात साक्षीदार अमेरिकेत असताना दूरदृश्य माध्यमातून साक्ष घेणे कायदेशीर आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यासंबंधी डेव्हिड हेडली याची साक्ष फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने याच पद्धतीने अमेरिकेतून नोंदविली.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल की, दिल्ली आणि हेगच्या या गोष्टींशी धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या ग्रामपंचायतीचा काय संबंध? संबंध आहे आणि तो निकटचा आहे. भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकीतील पैसा काही तासांत अनेक खात्यांतून फिरून देशाबाहेर जाऊ शकतो. परदेशी नोकरीच्या आमिषाने तरुण नेले जातात व तेथे त्यांच्याकडून फसवणुकीचीच कामे करून घेतली जातात. अशा प्रकरणात परदेशी न्यायाधीशापुढे जाणारा कागद तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जन्म घेतो. त्याला नंदुरबार माहीत नसते. फिर्यादीचा चेहरा त्याने पाहिलेला नसतो. त्याच्यापुढे असतो तो केवळ भाषांतरित कागद.

त्या कागदात एका ठिकाणी एक जन्मतारीख व दुसऱ्या ठिकाणी दुसरी असेल, आडनाव तीन दाखल्यांत तीन प्रकारे लिहिले असेल, तर शंका निर्माण होते, खुलासे मागविले जातात आणि महिने निघून जातात. मुलगी अज्ञान होती काय, हे ठरविताना शाळेचे जनरल रजिस्टर आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंद निर्णायक ठरू शकते. पावरा किंवा भिल्ल कुटुंबातील नाव शिक्षकाने स्वतःच्या समजुतीने बदलून लिहू नये. घरच्या माणसांना विचारून, पुन्हा वाचून दाखवून लिहावे. जुन्या नोंदीत खाडाखोड करू नये. दुरुस्ती नियमानुसारच करावी.

फसवणूक झाल्यास पंचायत सदस्यांनी संबंधितास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळविण्यास व पोलिसांत तक्रार देण्यास साहाय्य करावे. भ्रमणध्वनीतील संदेश पुसू देऊ नयेत. रक्कम, वेळ, खाते व क्रमांक तेव्हाच लिहून ठेवावेत. पोलीस अंमलदारांनीही जबाब फिर्यादीच्या बोलीत समजून घेऊन नोंदवावा आणि कोणता पुरावा, कोठून व कशासाठी हवा, हे नेमके मांडावे. मोघम विनंतीला मोघम उत्तर मिळते, किंवा मिळतच नाही.

राष्ट्राराष्ट्रांतील करार मंत्री व राजदूत करतात. परंतु त्या करारांचा लाभ सातपुड्याच्या पाड्यावरील एखाद्या मातेला मिळावयाचा असेल, तर तिच्या मुलाचे नाव व जन्मतारीख गावच्या नोंदवहीत आधी बिनचूक लिहिलेली असली पाहिजे. हे काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात आहे, आणि ते आजच करता येण्याजोगे आहे.