प्रेत नाही म्हणून खून नाही?

समुद्र घेतलेले प्रेत परत देईलच असे नाही, हे मालवणात सांगावयास नको. प्रेताविना खून सिद्ध होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने रामानंद खटल्यात १९८१ सालीच स्पष्ट केले. परिस्थितीजन्य पुरावा तेवढा निर्णायक हवा. मेख तेथेच आहे! शवविच्छेदन नाही, मृत्यूचे कारण व वेळ अज्ञात, ‘ती व्यक्ती हयात असेल’ हा बचाव अखेरपर्यंत उभा.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे एप्रिल २०१६ मध्ये बेपत्ता झाल्या. वसईच्या खाडीत टाकलेले अवशेष मिळालेच नाहीत. तरीही पनवेलच्या न्यायालयाने २०२५ साली पोलीस अधिकारी अभय कुरुंदकर यांना जन्मठेप दिली. मधे नऊ वर्षे गेली. बेपत्ता झाल्याची तक्रार २०१६ ची, अपहरणाचा गुन्हा नोंदला गेला २०१७ मध्ये; त्याच वर्षी कुरुंदकरांना राष्ट्रपतिपदकही जाहीर झाले. म्हणजे अडले ते पुराव्याच्या कायद्यापाशी नव्हे. तक्रार घेणारे आणि संशयित एकाच खात्याचे होते. खाडीची भरती-ओहोटी काही नोंदवहीसाठी थांबत नाही.

पोलीस अधिकारी स्त्रीच्या घरच्यांची ही गत, तर खलाशाच्या बायकोला कोण विचारणार? घातपाताचा संशय सांगितला जाताच मोबाइलच्या नोंदी राखल्या जाव्यात, आणि संशयित पोलीस असेल तर तपास दुसऱ्या यंत्रणेकडे जावा, ही मागणी आपल्या तालुका शाखांनी लावून धरली पाहिजे.