झरीची सभा आणि दिल्लीचे सभागृह



पुढाऱ्याची हकीकत सांगताना आपण जन्मगाव, शिक्षण, निवडणूक असा क्रम धरतो. आज मी तो जरा मोडणार आहे. लहानू शिडवा कोम १९७७ साली डहाणूतून लोकसभेवर निवडून गेले; विधानसभेतही ते बसले. पण त्यांची वाट पडली ती बत्तीस वर्षे आधी, तलासरीकडच्या झरी गावात.

त्या काळी वारल्यांचे जिणे कसे होते? पावसाळ्यात घरात दाणा नसे, मग सावकाराकडून खावटी आणायची. लग्नासाठी कर्ज काढले, की नवरा-बायको दोघेही सावकाराचे लग्नगडी! बोलावणे आले, की स्वतःची लावणी टाकून वेठीला जायचे. नाही म्हटले तर मार.

२३ मे १९४५ रोजी झरीला सुमारे पाच हजार वारली जमले. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर तेथे होते. ठराव साधा होता : वेठ करायची नाही, रोजचे बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात राबायचे नाही. बारा आणे म्हणजे पाऊण रुपया. त्याची किंमत मात्र जबर पडली. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले.

१९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर गेले. ते वारल्यांच्या बाजूने बोलले. कोम गेले तेव्हा आदिवासी माणूस स्वतःच बोलायला उभा राहिला. हा फरक लहान नाही. कोणी म्हणेल, जागा राखीव होती. होती खरी. पण राखीव जागेने खुर्ची मिळते, जीभ मिळत नाही. मालकासमोर 'नाही' म्हणायची जीभ झरीने दिली.

गुरुजी, एक विनंती तुम्हांला. झरीची सभा ज्यांनी लहानपणी पाहिली, ते आज ऐंशी-नव्वदीच्या घरात असतील. असे कोणी गावात असेल, तर मुलांना त्यांच्या ओटीवर घेऊन जा. वेठ म्हणजे काय, ते त्यांच्याच तोंडून ऐकू द्या आणि वहीत उतरवून घ्या. मत कशासाठी द्यायचे, हे त्या मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.