फौजीलाही वाटाड्या लागतो
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

आमच्या हेदवीला बाहेरची माणसं येतात ती दशभुज लक्ष्मीगणेशाच्या दर्शनाला आणि बामणघळ बघायला. पण आज मला बोलायचं आहे ते येणाऱ्या पाहुण्यांबद्दल नाही, परत येणाऱ्या घरच्या माणसांबद्दल. फौजेतून, नेव्हीतून सुटून कोकणातल्या वाड्या-मोहल्ल्यांत परतणाऱ्या जवानांबद्दल.

निवृत्त म्हटलं की आपल्याला पांढऱ्या केसांचा, सकाळी फिरायला जाणारा माणूस आठवतो. जवानाचं तसं नसतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून घरी येतो तेव्हा तो जेमतेम पस्तिशीचा असतो. मुलगी चौथीत, घराचं काम चौथऱ्यापर्यंत आलेलं, आईचं औषधपाणी सुरू. पेन्शन मिळते, पण तेवढ्यात भागत नाही. देशात दरवर्षी साधारण ६० हजार जवान असे बाहेर पडतात. त्यांना अजून एक अख्खी नोकरी करायची असते.

सरकारनं काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय जवानांसाठी निवृत्तीच्या आधी अभ्यासक्रम चालवतं. रत्नागिरीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. २००२ साली राज्य सरकारनं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’ स्थापन केलं. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड मधल्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. तरीही पुष्कळांच्या वाट्याला येते ती बँकेच्या नाहीतर सोसायटीच्या दारावरची सुरक्षारक्षकाची नोकरी. त्या कामात कमीपणा नाही. पण ज्यानं बर्फातल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा चालता ठेवला, त्याच्या हातातलं बाकीचं कसब तिथं वाया जातं.

असं का होतं, ते मला एका अर्जाच्या निमित्तानं कळलं. मी पडलो बी.ए., त्यात कविता लिहिणारा, त्यामुळे गावातली माणसं अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतला एक हवालदार आला, नुकताच सुटून आलेला. म्हणाला, “चाचा, मुंबईत एका कंपनीत जागा हाय. बायोडाटा लिवून द्या.” मी विचारलं, “सतरा वर्षं काय काम केलंस, बाबा?” तो म्हणाला, “ड्युटी.” त्याच्यापुढे त्याला काही सांगता येईना.

ओटीवर गावातले एक वयस्कर सुभेदार बसले होते. फौज सोडल्यावर मुंबईत पंधरा वर्षं दुसरी नोकरी करून ते गावी आलेले.

“कुठल्या ट्रेडचा रे तू?”

“एमटी, सर.”

“गाड्या किती होत्या?”

“तीस.”

“डिझेलचा हिशेब कोण ठेवायचा?”

“मीच, सर.”

“आणि नव्या पोरांना गाडी कोणी शिकवली?”

“मीच शिकवली.”

सुभेदार माझ्याकडे वळले. “भाई, लिहा. तीस वाहनांची देखभाल, इंधनाचा हिशेब, चालकांचं प्रशिक्षण.”

शब्द माझ्याकडे होते, पण ‘ड्युटी’ या शब्दाच्या पोटात काय आहे ते सुभेदारांना ठाऊक होतं. मग त्यांनी पोराला समोर बसवलं. “मुलाखतीला गेलास की बस म्हटल्यावर बसायचं, सावधानमध्ये उभा राहू नकोस. तुझा साहेब तुझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. तो हुकूम द्यायचा नाही, ‘जमलं तर बघा’ म्हणेल. तोच हुकूम समज.” नोकरी लागली. पहिल्या सहा महिन्यांत पोरगा दोनदा राजीनामा द्यायला निघाला होता. दोन्ही वेळा सुभेदारांनी फोनवर तासभर बोलून त्याला थांबवलं.

अशा माणसाला आता इंग्रजीत मेंटॉर म्हणतात. अमेरिकेत ‘अमेरिकन कॉर्पोरेट पार्टनर्स’ नावाची संस्था २००८ पासून हेच काम करते. सैन्यातून बाहेर पडलेल्याची एखाद्या कंपनीतल्या अनुभवी माणसाशी वर्षभरासाठी जोडी लावून देते. तो नोकरी देत नाही, सल्ला देतो.

आपल्याला हे अगदीच नवं आहे का? आमच्या मोहल्ल्यातला पोरगा पहिल्यांदा कुवेतला किंवा दुबईला जातो तेव्हा आधी गेलेला कोणीतरी मामू-चाचा त्याला विमानतळावर घ्यायला येतो. खोली कुठं, खानावळ कुठली, पैसे घरी कसे पाठवायचे, मालकाशी किती बोलायचं, हे सगळं तो शिकवतो.

आणि फौजेपुरतं बोलायचं तर दापोली आपल्याच जिल्ह्यात आहे. जुनी माणसं तिला अजून कॅम्प दापोली म्हणतात. इंग्रजी अमलात तिथं पेन्शनर सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त होऊन तिथं राहिले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली आणि पुढे महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही काही काळ दापोलीत राहिले आणि पुढे सातारा जिल्ह्यात गोरेगावला तलावाचं सरकारी काम चाललं होतं तिथं रोखपाल झाले. फौजेतला मास्तर तलावाच्या कामावर रोकड सांभाळू लागला. दुसरी नोकरी अशीच असते, पहिलीसारखी दिसत नाही. पेन्शनरांची वस्ती एकत्र असली की कोणाला कुठं काय काम मिळालं ते चार ओट्यांवर कळतं. आता एक फौजी हेदवीत, दुसरा वेळणेश्वरला, तिसरा गुहागरात. रत्नागिरीचं कार्यालय गाठायचं तर तवसाळहून फेरीबोटीनं जयगडला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची.

हे आज बोलायचं कारण म्हणजे अग्निवीर. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आहे. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवून घेतात. बाकीच्यांनी सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी यायचं, पेन्शन नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीला आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाल्या. त्यांची चार वर्षं २०२६ ची अखेर आणि २०२७ ची सुरुवात या काळात भरतात. बावीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, हातात एकरकमी पैसे. त्याला टेम्पो घे म्हणणारे भेटतील, पैसे दुप्पट करून देणारेही भेटतील. सहा महिने त्या पैशाला हात लावू नकोस, असं त्याला घरच्यांनी सांगून तो ऐकेलच असं नाही. त्याच्यासारखाच गणवेश उतरवून आलेल्या माणसानं सांगितलं तर ऐकेल.

म्हणून माझं मागणं लहान आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीनं दोन याद्या कराव्यात. गावात राहणारे आणि गावाबाहेर नोकरी करणारे माजी सैनिक कोण, ही एक. येत्या वर्षात सुटून येणारे कोण, ही दुसरी. पहिल्या यादीतल्या एकानं दुसऱ्या यादीतल्या एकाला वर्षभर सांभाळायचं. महिन्यातून एक भेट, नाहीतर एक फोन. नोकरीचं आश्वासन द्यायचं नाही आणि पैशाच्या व्यवहारात पडायचं नाही, हे दोन नियम पुरेत.

श्रोत्यांत कोणी माजी सैनिक असतील तर त्यांना एवढंच सांगतो. तुमच्या वाडीतला पोरगा सुटून आला की ग्रामपंचायत त्याला शाल-नारळ देईलच. चार दिवसांनी तुम्ही त्याच्या घरी जा आणि त्याला विचारा, “कुठल्या ट्रेडचा रे तू?”